शेकरू आणि धबधब्याची गोगलगाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतील निसर्गफेऱ्यांमध्ये, शाळांतील कार्यक्रमांत आणि पावसाळी सहलींच्या परतीच्या प्रवासात या दोन प्राण्यांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही प्रश्नांची उत्तरे एका ओळीत संपतात. काहींना मात्र थोडा वेळ द्यावा लागतो, कारण ‘धोक्यात असलेला प्राणी’ हा शब्दप्रयोग आपण जितक्या सहजपणे वापरतो तितका तो सरळ नाही.

नेमक्या कोणत्या दोन प्राण्यांची ही तुलना आहे?

पहिला प्राणी शेकरू, म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी. त्याचे शास्त्रीय नाव रातुफा इंडिका. दुसरा प्राणी क्रेम्नोकाँकस या प्रजातिसमूहातील गोगलगाय. ती सह्याद्रीच्या माथ्यावरील ओल्या कातळांवर आणि धबधब्यांच्या तुषारांत राहते. तिला मराठीत रूढ नाव नसल्यामुळे या पानावर तिला ‘धबधब्याची गोगलगाय’ असे म्हटले आहे. शेकरूचे वजन दीड ते दोन किलो भरते आणि त्याची झुपकेदार शेपटी धडाइतकी किंवा त्याहूनही लांब असते. ही गोगलगाय मात्र जेमतेम एका सेंटिमीटरच्या आसपासची, बऱ्याचदा त्याहूनही लहान असते आणि काळपट कातळावर ती दगडाच्या खड्यासारखीच दिसते.

इतक्या वेगळ्या प्राण्यांची तुलना करून काय साधते?

दोघेही एकाच सह्याद्रीचे रहिवासी आहेत, दोघांचेही जगणे पावसावर उभ्या राहिलेल्या परिसरावर अवलंबून आहे आणि दोघांवरही आलेले संकट बहुतांशी माणसाने केलेल्या बदलांतून आले आहे. तरीही एकाचे चित्र शाळेच्या पुस्तकात असते आणि दुसरीचे नाव घाटात रोज ये-जा करणाऱ्यालाही ठाऊक नसते. धोका कसा मोजायचा, कोणत्या पातळीवर मोजायचा आणि संरक्षणाचा उपाय प्राण्यागणिक का बदलतो, हे प्रश्न वाघ आणि बिबट्या शेजारी ठेवून तितके स्पष्ट होत नाहीत, कारण त्यांच्या गरजा बऱ्याच मिळत्याजुळत्या आहेत. शेकरू आणि ही गोगलगाय शेजारी ठेवली की ते लख्ख दिसतात.

ठाणे किंवा नवी मुंबईत राहणाऱ्यांचा यांच्याशी काय संबंध?

शेकरूपुरता संबंध अगदी थेट आहे. शेकरूसाठी प्रसिद्ध असलेले भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर आहे आणि ते पुणे, रायगड व ठाणे या तीन जिल्ह्यांत पसरलेले आहे. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाचा परिसर याच अभयारण्यात येतो. अनेकांना भीमाशंकर म्हणजे केवळ पुणे जिल्हा वाटतो. आपल्या जिल्ह्याच्या हद्दीतही हा राज्यप्राणी आहे, ही गोष्ट ठाणेकरांनी अभिमानाने आणि जबाबदारीनेही लक्षात ठेवायला हवी.

गोगलगायीशी असलेला संबंध नात्यागोत्याचा आहे. ती लिटोरिनिडी या कुळातील आहे, आणि हे कूळ मुळात समुद्रकिनाऱ्याचे आहे. ठाणे खाडीच्या कडेने तिवरांच्या खोडांवर आणि पानांवर चिकटलेले जे छोटे शंख दिसतात, त्यांतील काही याच कुळातले आहेत. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्राकडून खाडीवर फेरी मारताना ते शंख पाहिले असतील, तर धबधब्याच्या गोगलगायीची भावंडे आपण पाहिली आहेत असे म्हणायला हरकत नाही.

समुद्राच्या कुळातील गोगलगाय घाटमाथ्यावर कशी राहते?

हा प्रश्न लहान मुले हमखास विचारतात आणि तो खरोखरच मोलाचा आहे. लिटोरिनिडी कुळातील बाकीचे जिवंत सदस्य खाऱ्या किंवा मचूळ पाण्याच्या काठाने राहतात. संपूर्णपणे गोड्या पाण्यात वस्ती केलेला समूह हा एकच. विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील शास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या कातळांचा अभ्यास करत होते. त्याच काळात त्यांनी या गोगलगायींचेही वर्णन केले आणि १८६९ मध्ये ‘क्रेम्नोकाँकस’ हे नाव दिले. ग्रीक मुळांनुसार त्याचा अर्थ साधारणपणे ‘कड्यावरचा शंख’ असा होतो. खडक तपासायला आलेल्या भूवैज्ञानिकाच्या नजरेत खडकावरची गोगलगाय भरावी, यात नवल नाही.

समुद्रकाठच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडक आणि धबधब्याशेजारचा कातळ यांत एक महत्त्वाचे साम्य आहे. दोन्ही ठिकाणी कधी पाण्याचा मारा असतो, तर कधी कोरडेपणा. समुद्रकाठच्या तिच्या नातलगांना दिवसातून दोनदा जे सोसावे लागते, ते घाटावर वर्षातून एकदा आणि कित्येक महिने सलग सोसावे लागते. पाय घट्ट रोवून खडकाला चिकटणे, दातेरी जिभेने शेवाळाचा पातळ थर खरवडून खाणे आणि कोरडे पडताच शंखाचे दार झाकणाने बंद करून घेणे, ही त्या कुळाची पूर्वापार कौशल्ये घाटावरही उपयोगी पडतात.

दीर्घकाळ या समूहात महाराष्ट्रातील तीनच प्रजाती मानल्या जात होत्या. २०१३ मध्ये डेव्हिड रीड, एन. ए. अरविंद आणि एन. ए. मध्यस्थ यांनी कर्नाटकातील सह्याद्रीतून आणखी सहा प्रजातींचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ही संख्या नऊवर गेली. दीडशे वर्षे माहीत असलेल्या समूहाची संख्या एका अभ्यासात तिप्पट होते, यावरून आपल्याच डोंगरांकडे पाहणे किती अपुरे राहिले होते ते कळते.

उन्हाळ्यात धबधबे आटल्यावर ती कुठे जाते?

ती तिथेच असते. कातळातील कपारी आणि भेगा यांत शिरून, शंखाचे झाकण लावून ती पावसाची वाट पाहते. मे महिन्यात कोरडा ठणठणीत वाटणारा कडा निर्जीव समजून त्यावर खडी टाकणे, कपारी सिमेंटने लिंपणे किंवा कचरा जाळणे यामुळे संपूर्ण वस्ती नष्ट होऊ शकते, आणि ती नष्ट झाल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आमच्या सोसायटीतील खार म्हणजे शेकरूचे पिल्लू आहे का?

नाही. पाठीवर पट्टे असलेली खारुताई ही वेगळी आणि पूर्ण वाढ झालेली असतानाही लहानच राहणारी खार आहे. शेकरूच्या पाठीवर असे पट्टे नसतात. त्याची पाठ तांबूस-तपकिरी आणि पोट फिकट रंगाचे असते.

पावसाळ्यात कुंपणावर चढणाऱ्या मोठ्या गोगलगायी त्याच आहेत का? त्यांच्यावर मीठ टाकावे का?

त्या वेगळ्या आहेत आणि हा फरक समजणे फार आवश्यक आहे. घोडबंदर रस्त्यालगतच्या बागांपासून वाशी-नेरुळच्या उद्यानांपर्यंत जून-जुलैत मोठ्या संख्येने दिसणारी, हाताच्या बोटाइतक्या लांब आणि टोकदार शंखाची गोगलगाय बहुधा मोठी आफ्रिकी गोगलगाय असते. ती मूळची पूर्व आफ्रिकेतील. भारतात ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कोलकात्यात आणली गेली आणि तेथून पसरली. ती एका वेळी शेकडो अंडी घालू शकते. २०२२ मध्ये मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपे गोगलगायींनी फस्त केल्याच्या बातम्या अनेकांना आठवत असतील. शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली, त्या नुकसानीचे दुःख खरे आहे, आणि ‘गोगलगायी वाचवा’ असे कोणी म्हणताच त्यांना राग येणे स्वाभाविक आहे. म्हणूनच स्पष्ट सांगणे भाग आहे की येथे ज्या गोगलगायीच्या रक्षणाची गोष्ट चालली आहे, ती शेतात येत नाही, पिकाला तोंड लावत नाही आणि आपल्या कड्याच्या बाहेर तिला जगताही येत नाही.

मीठ मात्र टाकू नये. त्याने माती खारावते आणि बागेतील निरुपद्रवी स्थानिक गोगलगायीही मरतात. आफ्रिकी गोगलगायी संध्याकाळी ओल्या गोणपाटाखाली जमतात. हातमोजे घालून त्या वेचणे आणि मातीत घातलेली अंडी शोधून काढणे हा अधिक परिणामकारक मार्ग आहे. त्यांच्यामार्फत माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या एका परजीवी कृमीचा प्रसार होऊ शकतो, म्हणून मुलांनी त्या उघड्या हाताने धरू नयेत आणि बागेतील पालेभाजी नीट धुऊनच वापरावी.

शेकरूची नोंद ‘काळजीचे कारण कमी’ या वर्गात आहे. मग ते धोक्यात आहे असे का म्हणायचे?

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेची लाल यादी एखाद्या प्रजातीचा जगभरातील एकंदर विचार करते. शेकरू फक्त भारतातच आढळते, परंतु पश्चिम घाट, पूर्व घाट आणि सातपुड्याचा काही भाग असा त्याचा पसारा मोठा आहे, त्यामुळे संपूर्ण प्रजाती लवकर नामशेष होईल अशी स्थिती नाही. त्याच नोंदीत तिची संख्या घटत असल्याचेही म्हटले आहे, आणि या दुसऱ्या वाक्याकडे लोकांचे दुर्लक्ष होते.

आपण ज्या पातळीवर राहतो, ती पातळी वेगळी असते. समजा, एका डोंगरावरील देवराई आणि शेजारच्या डोंगरावरील जंगल यांच्यामधली झाडे तुटली. लाल यादीतील एक अक्षरही त्याने बदलणार नाही, पण त्या देवराईत अडकलेल्या शेकरांच्या पुढच्या पिढ्यांचे भवितव्य मात्र बदललेले असेल. प्रजाती टिकते आणि तिची वस्ती मरते, असे वारंवार घडत गेले की एके दिवशी प्रजातीचा वर्गही बदलतो. माझ्या मते जिल्ह्याच्या पातळीवर काम करणाऱ्यांनी जागतिक वर्गाकडे माहिती म्हणून पाहावे, आश्वासन म्हणून नव्हे.

शेकरूला सलग जंगलच का लागते? बागेतील झाडांवर ते राहू शकणार नाही का?

शेकरू जवळपास सारे आयुष्य झाडांच्या शेंड्यांवर काढते आणि क्वचितच जमिनीवर उतरते. ते एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सुमारे सहा मीटरपर्यंत झेप घेऊ शकते. ही झेप थक्क करणारी असली, तरी तीच त्याची मर्यादाही आहे. फांद्यांमधील अंतर त्याहून वाढले की त्याला खाली यावे लागते, आणि जमिनीवर कुत्री, बिबट्या व वाहने यांच्यापुढे ते जवळजवळ असहाय असते.

त्याशिवाय त्याचे अन्न एका झाडावर वर्षभर मिळत नाही. आंबा, जांभूळ, अंजनी, उंबर अशी झाडे वेगवेगळ्या वेळी फुलतात-फळतात, आणि फळे नसतात तेव्हा ते कोवळी पाने, फुले, बिया, झाडाची साल यांवर गुजराण करते. डहाळ्या आणि पाने यांची मोठी गोलाकार घरटी ते उंच, बारीक फांद्यांच्या टोकाकडे बांधते, जेथे जड शिकारी पोहोचू शकत नाही, आणि एकच शेकरू आपल्या हद्दीत अशी अनेक घरटी बाळगते. म्हणजे त्याला जुनी झाडे हवीत, वेगवेगळ्या जातींची हवीत आणि एकमेकांना फांद्यांनी भिडलेली हवीत. यांपैकी एकही अट पन्नास-पन्नास फुटांवर लावलेल्या शोभेच्या झाडांनी पूर्ण होत नाही. भीमाशंकर-आहुपे भागातील देवराया या दृष्टीने अमूल्य आहेत. देवाच्या धाकाने आणि श्रद्धेने गावकऱ्यांनी कुऱ्हाड दूर ठेवली, म्हणूनच तिथे उंच छत टिकले. अभयारण्याची अधिसूचना त्यानंतर फार उशिरा आली.

मग दोघांपैकी अधिक धोका कोणाला आहे?

गोगलगायीला. महाराष्ट्रातील धबधब्याच्या गोगलगायी लाल यादीत धोका असलेल्या वर्गांत आहेत, आणि त्यामागील कारण त्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या जागेत दडलेले आहे. एखाद्या अनुकूल कातळावर त्या भरपूर असू शकतात. ते दृश्य पाहून ‘इथे तर शेकडो आहेत’ असे वाटते. पण तशा जागा मोजक्या आहेत, त्या महाबळेश्वरपासून उत्तरेकडच्या घाटमाथ्यावर विखुरलेल्या आहेत, आणि एका ओल्या कड्यापासून दुसऱ्या ओल्या कड्यापर्यंतचे कोरडे पठार ओलांडणे या गोगलगायीला शक्य नाही. समुद्रातील तिच्या अनेक नातलगांची पिल्ले प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जातात आणि नवी किनारपट्टी गाठतात. घाटावरच्या ओहोळात अशी वाहून जाणारी अवस्था कामाची नाही, कारण खाली वाहत गेलेले पिल्लू परत वर येत नाही. परिणामी प्रत्येक धबधबा हे तिच्यासाठी एक बेट ठरते.

येथे दोघांतील मूलभूत फरक दिसतो. शेकरूला विस्तार हवा असतो, म्हणून त्याच्या जंगलाचे तुकडे होणे हे त्याच्यावरील मुख्य संकट. गोगलगायीला विस्तार नको असतो. तिला एकच जागा पुरते, मात्र ती जागा हजारो वर्षे तशीच राहावी लागते. वरच्या अंगाला ओढा वळवून हॉटेलची टाकी भरली, रस्ता रुंद करताना कडा तासला, तुषारांच्या पट्ट्यात पायऱ्या आणि कठडे बांधले किंवा साबणाचे पाणी सतत वाहू लागले, तर एका हंगामातच त्या जागेची कहाणी संपू शकते. शेकरूच्या जंगलातील एक एकर गेला तर हानी होते. गोगलगायीचा तेवढाच एकर गेला, तर कदाचित संपूर्ण वस्ती जाते.

तरीही ‘शेकरूकडे नंतर पाहू’ असा अर्थ कोणी काढू नये. शेकरूची मादी एका वेळी एक-दोन, क्वचित तीनच पिल्ले देते. अशा प्राण्याची घटलेली संख्या भरून यायला फार वर्षे लागतात.

कायद्याने दोघांनाही संरक्षण आहे का?

शेकरूला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्याची शिकार करणे, ते पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावरही साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टानुसार नियंत्रण आहे. या कायद्याच्या अनुसूचींत काही सागरी शंखांची नावे आहेत, पण धबधब्याच्या गोगलगायीचे नाव नाही. तिचे अधिवास जेथे योगायोगाने अभयारण्यात किंवा राखीव वनात येतात, तेथे तिला आडोसा मिळतो. खासगी जमिनीतील कडा किंवा पर्यटनस्थळाचा ओहोळ यांना तो मिळत नाही. राज्यप्राण्याच्या नावाने राखलेल्या जंगलातील ओढेही राखले जातात हे खरे आहे, आणि शेकरूच्या लोकप्रियतेचा तेवढा लाभ गोगलगायीला होतो. पण सर्व धबधबे काही शेकरूच्या जंगलात नाहीत.

एक इवलीशी गोगलगाय नाहीशी झाल्याने काय बिघडणार?

या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर असे की तिच्याबरोबर समुद्रातून डोंगरावर आलेल्या एका वंशाचा जगातील एकमेव जिवंत पुरावा नाहीसा होईल, आणि तो पुन्हा कोठूनही आणता येणार नाही.

दुसरे उत्तर पॅसिफिक महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियाच्या बेटांवर मिळते. तिथे खाण्यासाठी म्हणून आफ्रिकी गोगलगाय आणली गेली, ती पिकांना उपद्रव देऊ लागली, आणि तिला आवरण्यासाठी १९७० च्या दशकात इतर गोगलगायींची शिकार करणारी एक अमेरिकी गोगलगाय सोडण्यात आली. त्या शिकारी गोगलगायीने आफ्रिकी गोगलगायीऐवजी बेटांवरच्या पार्टुला या स्थानिक वृक्षवासी गोगलगायी खाल्ल्या. मूरिआ बेटावर तर दहा-बारा वर्षांतच त्या निसर्गातून नाहीशा झाल्या. काही प्रजाती लंडनसह अनेक प्राणिसंग्रहालयांनी वेळीच वाचवून वाढवल्या, म्हणून २०१५ पासून त्यांना टप्प्याटप्प्याने बेटांवर परत सोडता आले. जे प्राणी परत जाऊ शकले, ते कोणीतरी त्यांची नावे आधीच लिहून ठेवली होती म्हणून. आपल्या घाटावरील गोगलगायींच्या बाबतीत ती यादी पूर्ण होण्याआधीच कडे तासले जात आहेत, याचे मला मनापासून दुःख वाटते.

खारघरच्या पांडवकड्यावर किंवा येऊरमध्ये ही गोगलगाय दिसेल का?

तशी अपेक्षा ठेवू नये. तिची ज्ञात ठिकाणे घाटमाथ्यावर, शहरापासून दूर आहेत. ओल्या दगडावर दिसलेली प्रत्येक छोटी गोगलगाय तीच असते असेही नाही. शंखाला झाकण आहे का, ती वाहत्या पाण्याच्या तुषारांत कातळाला चिकटली आहे का, हे पाहून छायाचित्र घ्यावे आणि जाणकाराला दाखवावे. पांडवकड्याजवळ पावसाळ्यात अपघात होत असल्याने तेथे प्रवेशबंदी लागू असते. ती मोडून गोगलगाय शोधायला जाऊ नये.

शेकरू केव्हा आणि कसे पाहावे?

शेकरू दिवसा वावरते. सकाळी लवकर आणि दुपार उतरल्यावर ते अधिक हालचाल करते. आधी कान द्यावेत, कारण त्याचा खडखडाटासारखा मोठा इशारा दाट पानांतूनही ऐकू येतो. गोल घरटी दिसली की शांतपणे थांबावे, खाली दगड मारून किंवा शिट्टी वाजवून त्याला हलवू नये. एकट्याने राहणारा प्राणी असल्याने कळप दिसण्याची अपेक्षा करू नये.

शेकरूला बिस्किटे, शेंगदाणे द्यावेत का? गोगलगायीचा रिकामा शंख आठवण म्हणून आणावा का?

दोन्हीही नको. खाण्याच्या आशेने शेकरू जमिनीवर उतरायला शिकते, आणि जमीन ही त्याच्यासाठी सर्वांत धोक्याची जागा आहे. शंखाच्या बाबतीत अडचण अशी की रिकामा वाटणारा शंख झाकण लावून झोपलेला जिवंत प्राणी असू शकतो.

जखमी शेकरू आढळले तर काय करावे?

त्याला हाताळू नये, दूध पाजू नये. गर्दी दूर ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि कर्मचारी येईपर्यंत कुत्र्यांना लांब ठेवावे.

पावसाळी सहलीत आमच्याकडून नकळत हानी होऊ नये यासाठी काय करता येईल?

धबधब्याखाली साबण, शाम्पू वापरू नये आणि भांडी ओहोळात घासू नयेत. मुख्य प्रवाहाच्या दोन्ही बाजूंचा, शेवाळाने हिरवा झालेला तुषारांचा पट्टा ही गोगलगायीची खरी जागा असते, त्यामुळे छायाचित्रासाठी त्या कातळावर चढणे किंवा त्यावर नावे कोरणे टाळावे. शेवाळ खरवडून पाय ठेवायला जागा करणे तर अजिबात करू नये, कारण तेच तिचे अन्न आहे. शंका आलीच, तर आधी वाकून दगडाकडे अर्धा मिनिट निरखून पाहावे. त्यातील एखादा खडा हलताना दिसला, तर तिथून दोन पावले मागे सरावे.